उड्यांची जाळी : एका वेळी एकच मूल



जत्रेत पाळण्याच्या शेजारी, लग्नाच्या लॉनवर, नाहीतर हुरडा पार्टीच्या शेतात तुम्ही ती पाहिली असेल. लोखंडी पायांवर एक गोल चौकट, तिला चहूबाजूंनी स्प्रिंगा, मधे ताणून बसवलेलं काळं कापड आणि भोवती उंच जाळी. मुलं तिला ‘जंपिंग’ म्हणतात, आम्ही ‘उड्यांची जाळी’ म्हणतो, दुकानदार ‘ट्रॅम्पोलिन’ म्हणतो. आता तर गावातल्या घरांच्या अंगणातही ती दिसायला लागली आहे.

आज तिच्याबद्दल बोलायचं कारण असं, की आमच्या गटानेही अशी एक जाळी घेतली होती. हुरड्याच्या हंगामात शहरातली माणसं पोराबाळांसकट येतात. मोठी माणसं गरम हुरडा, लसणाची चटणी आणि ताक घेऊन निवांत बसतात. लहान मुलांना मात्र अर्ध्या तासात कंटाळा येतो. मुलं रमली तर माणसं जास्त वेळ थांबतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतील, असा आमचा हिशोब होता. जाळी मांडली आणि पहिल्याच दिवशी मुलांची झुंबड उडाली. एका वेळी सात-आठ मुलं आत सोडायचो. आम्हाला वाटलं, पैसे वसूल होणार.

दुसऱ्या रविवारी एका चार वर्षांच्या मुलीचा पाय मोडला.

ती जाळीबाहेर पडली नव्हती. लोखंडावर आपटली नव्हती. आमच्यातली एक जण बाजूलाच उभी होती, मुलीची आईही समोर होती. आत दहा-बारा वर्षांची तीन मुलं उड्या मारत होती आणि ही त्यांच्यामधे होती. ती वर उडाली, पायांवरच खाली आली आणि ओरडून बसली. परत उभी राहीना. दवाखान्यात फोटो काढला तेव्हा गुडघ्याच्या जरा खाली नडगीचं हाड मोडलेलं दिसलं.

तिची आई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, “एवढ्या मऊ कापडावर हाड मोडलंच कसं?” आम्हालाही तोच प्रश्न पडला होता. डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा वेगळंच विचारलं, “तिच्यासोबत मोठं कोण उड्या मारत होतं?” त्यांनी हे का विचारलं, ते आम्ही नंतर नीट समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

मऊ कापडावर हाड कसं मोडतं?

मैत्रिणींनो, ते कापड गादीसारखं मऊ नसतं. गादीवर पडलो की आपला जोर गादीत जिरतो. या कापडाचं काम उलटं आहे. मूल त्यावर उतरलं की स्प्रिंगा ताणल्या जातात, त्या ताणात मुलाचा सगळा जोर साठतो आणि दुसऱ्या क्षणी तो परत वर फेकला जातो. बेचकीचं रबर ओढून सोडलं की खडा कसा सुटतो, तसंच हे. एकटं मूल उड्या मारतं तेव्हा त्याचाच जोर त्याला परत मिळतो, म्हणून ते बऱ्यापैकी सांभाळू शकतं.

आता त्याच कापडावर पस्तीस-चाळीस किलोचा मुलगा आणि पंधरा किलोची मुलगी एकत्र आहेत असं समजा. मोठा मुलगा उतरला की कापड खोल दबतं. त्याच्या जोराने ते वर यायला लागतं, आणि नेमकी त्याच वेळी छोटी खाली येत असते. ती खाली येतेय, कापड वर येतंय. दोघांची समोरासमोर टक्कर होते. त्या क्षणी ते कापड तिच्या पायांना कठीण जमिनीसारखं लागतं, कधी जमिनीपेक्षाही जोरात लागतं. वेळ थोडी पुढेमागे झाली, तर मोठ्याने साठवलेला जोर छोटीला मिळतो आणि ती तिच्या ताकदीच्या कितीतरी वर फेकली जाते. मग ती कुठे आणि कशी पडेल ते तिच्या हातात राहत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी एका उखळात दोघींनी मिळून कांडलं आहे, त्यांना हे लगेच समजेल. एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली येतं. ताल जमला तर काम भराभर होतं, ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं आणि मनगटाला झिणझिण्या येतात. आपण ताल धरू शकतो. चार मुलं चार वजनांची, प्रत्येक जण आपल्याच नादात. त्यांचा ताल कोण धरणार?

अमेरिकेत ही जाळी घराघरांच्या अंगणात पुष्कळ वर्षांपासून आहे, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी दुखापतींचा अभ्यासही पुष्कळ केला आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना. तिने 2012 साली या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात असं दिसलं, की सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण एका वेळी जाळीवर असताना झाल्या. म्हणजे चारातल्या तीन. आणि एकत्र उड्या मारणाऱ्यांत सगळ्यात लहान मुलाला दुखापत होण्याचा धोका मोठ्याच्या तुलनेत 14 पटीपर्यंत जास्त असतो. घरच्या अंगणात ही जाळी नकोच, असा त्या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार लागली. एक तृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठं माणूस लक्ष ठेवून असतानाच झाल्या होत्या. आमच्याकडेही तसंच झालं. बाजूला उभं राहून नुसतं बघत राहिल्याने काही थांबत नाही. किती मुलं आत आहेत ते मोजायचं, जास्त झाली की थांबवायचं, हे काम कुणीतरी करावं लागतं.

सहा वर्षांखालच्या मुलांना का नको?

लहान मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ एक मऊ पट्टी असते. हाड तिथून वाढतं. तिथे जोरात मार बसला तर पुढे हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, तोल सांभाळायची आणि वेळेवर गुडघे वाकवायची सवय अजून लागलेली नसते. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांना या जाळीवर सोडू नये, असं तज्ज्ञ सांगतात. “दादासोबत जाऊ दे, तो सांभाळेल” असं आपण सहज म्हणतो. इथे दादाचं वजनच धाकट्याला धोक्याचं असतं. मूल कडेवर घेऊन स्वतः उड्या मारणं तर अजिबात नको.

भोवती जाळी असली की भागतं का?

भोवतीची जाळी मुलाला बाहेर पडण्यापासून काही प्रमाणात अडवते, म्हणून ती असावीच. पण आतल्या आत होणारी टक्कर, मुरगळणं, हाड मोडणं ती थांबवू शकत नाही. उलट जाळी आहे म्हणून आपण निर्धास्त होतो आणि आणखी दोन मुलं आत सोडतो. आमची चूक तिथेच झाली.

आता हा खेळ आला कुठून, तेही सांगतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉर्ज निसेन नावाचा कसरतपटू तरुण होता. सर्कशीतले झोपाळ्यावरचे कलाकार शेवटी खालच्या जाळीत पडायचे आणि तिच्यावरून उसळी घ्यायचे. ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. 1930 नंतरच्या काही वर्षांत त्याने आपले प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्यासोबत आजच्यासारखी जाळी बनवली. म्हणजे मुळात ही वस्तू शिकलेल्या कसरतपटूंची. 2000 साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. तिथेही एका जाळीवर एकच खेळाडू असतो. दोघांनी जोडीने करायचा एक प्रकार मोठ्या स्पर्धांत असतो, पण त्यासाठी शेजारी शेजारी दोन वेगळ्या जाळ्या मांडतात. वर्षानुवर्षं सराव केलेले खेळाडू जे करत नाहीत, ते आपण चार वर्षांच्या मुलांना करू देतो.

आम्ही लावलेले नियम

अपघातानंतर गटाची बैठक झाली. काहींचं म्हणणं होतं, जाळी विकून टाका. काहींचं म्हणणं होतं, हप्ता अजून फिटायचा आहे, आताच कशी विकायची? मुलीच्या दवाखान्याचा खर्च गटाने बचतीतून दिला होता, त्यामुळे सगळ्याच हवालदिल होत्या. शेवटी ठरलं, की जाळी राहील, पण नियम एकही मोडायचा नाही. आमचे नियम असे :

पहिला, एका वेळी एकच मूल. सख्खी भावंडं असली, जुळी असली, पाहुणे कितीही रागावले, तरी एकच.

दुसरा, सहा वर्षांखालचं मूल आत जाणार नाही.

तिसरा, कोलांटउडी नाही. डोक्यावर किंवा मानेवर पडल्याने मणक्याला जी इजा होते, ती जन्मभराची असू शकते. कोलांटउडी मारली की त्या मुलाची पाळी तिथेच संपते.

चौथा, मधोमध उडायचं आणि पाय दुमडून थांबायला आधी शिकायचं. मूल कडेला सरकलं की “मधे ये” म्हणून हाक द्यायची. उतरताना वरून उडी मारायची नाही. बसायचं आणि पायरीवरून उतरायचं.

पाचवा, तोंड आणि खिसे रिकामे. गोळी, चिंगम, बोर, काहीही तोंडात नको, ते घशात अडकतं. बांगड्या, गळ्यातलं, लोंबतं कानातलं, ओढणी, चष्मा बाहेर काढून ठेवायचा. पायात चप्पल नको.

सहावा, पाळीवर असलेल्या बाईने जागा सोडायची नाही आणि मोबाईल हातात घ्यायचा नाही. तिला चहा प्यायचा असेल तर दुसरी येऊन उभी राहते, मगच ती जाते.

सुरुवातीला मुलं रांगेत थांबायला तयार होत नव्हती. मग आम्ही एक युक्ती केली. प्रत्येकाला पन्नास उड्या. रांगेतल्या मुलांनी मोठ्याने मोजायच्या. मिनिटभरात पन्नास होतात, त्यामुळे पाळी लवकर येते, आणि मोजण्यातच मुलांना मजा यायला लागली. पन्नास झाल्या की सगळे टाळ्या वाजवतात. मूल दमण्याआधी बाहेर येतं हाही फायदाच, कारण दमलेल्या मुलाचा पाय जास्त चुकतो.

पैशांचंही खरं सांगतो. आधी दहा मिनिटांचे वीस रुपये घ्यायचो आणि आठ मुलं एकदम सोडायचो. तासाला साडेनऊशे रुपयांपर्यंत जमायचे. आता पन्नास उड्यांचे दहा रुपये आहेत. चढायला-उतरायला वेळ जातो, म्हणून तासाला तीसच मुलं होतात. म्हणजे तीनशे रुपये. उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर आलं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही वाळूचा ढीग केला आणि चिंचेच्या फांदीला जमिनीपासून हातभर उंचीवर झोका बांधला. त्याचे पैसे घेत नाही. मुलं तिथेही तासभर रमतात. हे आधी सुचलं असतं तर जाळी घेतलीच नसती, असं आता आमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात. तुम्ही अजून घेतली नसेल तर घेऊ नका, हाच आमचा सल्ला.

घरी किंवा शेतात जाळी असेल तर

ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी मांडताना आणि मांडल्यावरही काही गोष्टी पाहाव्यात.

जागा सपाट हवी. भोवती निदान आठ फूट मोकळी जागा हवी. भिंत, विहीर, हौद, काटेरी तार, दगडाचा बांध, ट्रॅक्टर-ट्रॉली यातलं काही जवळ नको. वर झाडाची फांदी नको आणि विजेची तार तर मुळीच नको. खाली फरशी किंवा सिमेंट नको, भुसभुशीत माती किंवा गवत बरं. चौकटीखाली काही ठेवायचं नाही आणि कुणाला शिरू द्यायचं नाही. कापड दबलं की खालच्या मुलाच्या डोक्यावर येतं. लपाछपी खेळताना मुलं हमखास तिथेच शिरतात.

स्प्रिंगांवर जाड पॅड असतं, ते जागेवर बांधलेलं आहे ना पाहायचं. नाहीतर मुलाचा पाय दोन स्प्रिंगांच्या मधे जातो. दर आठवड्याला एक फेरी मारायची. कापडाला भोक, शिवण उसवलेली, स्प्रिंग गंजलेली किंवा निसटलेली, जाळीच्या दांड्या ढिल्या, असं काहीही दिसलं की दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवायची. आपलं ऊन कडक. शेडनेटचं कापड उन्हाने कसं कडक होऊन फाटतं, तसंच या कापडाचं आणि जाळीचं होतं. हंगाम संपला की सोडून सावलीत ठेवलेली बरी. पावसात ओल्या कापडावर पाय घसरतो, तेव्हा उड्या बंद. वादळवाऱ्यात अख्खी चौकट उचलली जाते, म्हणून पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधावेत. आणि संध्याकाळी पायरी काढून घरात ठेवावी, म्हणजे आपण नसताना लहान मूल चढणार नाही.

जत्रेत गेल्यावर

जत्रेत जाळी आपली नसते, नियमही आपले नसतात. पण पैसे आपले आणि मूल आपलं असतं. आधी बाजूला उभं राहून आत किती मुलं आहेत ते बघा. मालकाला सांगा, “दादा, गर्दी कमी झाली की आमच्या पोराला एकट्याला सोडा, आम्ही थांबतो.” दुपारी गर्दी नसते तेव्हा बरेच जण ऐकतात. नाही ऐकलं तर पुढे चला. मूल रडेल, हट्ट करेल. पाळणा आहे, फुगा आहे, गाठीशेव आहे, थोड्या वेळात विसरेल. चार-पाच जणी एकत्र असाल तर एकत्र बोला. पाच गिऱ्हाईकं जाताना दिसली की मालकही ऐकतो.

लागलंच तर

मूल मानेवर किंवा डोक्यावर पडलं आणि मान दुखते म्हणालं, हातापायाला मुंग्या आल्या, हातपाय हलेनात किंवा शुद्ध हरपली, तर त्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. आहे तिथेच ठेवा, दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरा आणि 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. मूल श्वास घेतंय ना, यावर लक्ष ठेवा. घाईघाईने मोटरसायकलवर मधे बसवून नेल्याने मणक्याची इजा वाढते.

हातपाय सुजला, वाकडा दिसला किंवा मूल पाय टेकवेना, तर हाड मोडलं असं समजूनच वागा. चोळू नका, ओढू नका, कुणाकडून बसवून घेऊ नका. आहे तसाच ठेवून खाली पट्टी, लाकडी फळी किंवा घट्ट गुंडाळलेलं वर्तमानपत्र द्या आणि सैलसर बांधा. हात असेल तर ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा. बोटं गार किंवा निळी पडली तर बांधलेलं सैल करा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून ठेवा. दवाखान्यात जाईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते. लहान मुलाचं हाड कधी केसाइतकंच चिरतं आणि सूजही फार नसते. म्हणून दुसऱ्या दिवशीही मूल पाय टेकत नसेल तर फोटो काढून घ्या.

डोक्याला मार लागला आणि नंतर मूल वारंवार ओकलं, गुंगीत राहिलं, ओळखेना, झटका आला किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी आलं, तर लगेच दवाखाना गाठा. “झोपू दे, सकाळी बघू” असं करू नका.

आमच्याकडच्या त्या मुलीचं प्लास्टर दीड महिन्याने निघालं. पुढच्या हंगामात ती आईसोबत पुन्हा आली. आता पळते, खेळते. आल्या आल्या जाळीकडे धावली, आणि पाळीवर असलेल्या आमच्या मावशींनी तिला हात धरून वाळूच्या ढिगाकडे नेलं. सहा वर्षांची झालीस की ये म्हणाल्या. ती रुसली. तिच्या आईने मात्र मावशींकडे पाहून मान हलवली.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय काढा. गावातल्या कुणाच्या अंगणात जाळी असेल त्या घरी दोघी-तिघी मिळून जा, जत्रा कमिटीशीही बोलून ठेवा. सगळे नियम लक्षात राहिले नाहीत तरी एक राहू द्या : एका वेळी एकच मूल.